तयारीच्या कॉलेजातली ताई

तिला ताई म्हणायला सुरुवात झाली ती परदेशात. घरी ती सगळ्यांत धाकटी, त्यामुळे ताई व्हायचा योग कधी आलाच नव्हता. वसतिगृहात तिच्या खोलीत राहायला आलेली मुलगी अठरा वर्षांची होती, ती स्वतः चोवीसची. दोघींची भाषा एकच निघाली आणि पहिल्याच दिवशी त्या मुलीनं विचारलं, "ताई, कपाटाचा वरचा कप्पा तुम्हाला की मला?" हे शेजारच्या खोल्यांतल्या देशोदेशीच्या पोरींनी ऐकलं. त्यांना वाटलं, हेच हिचं नाव. आठवड्याभरात स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये तिच्या कप्प्यावर 'ताई' अशी चिठ्ठी लागली आणि महिन्याभरात भाषेच्या बाईही हजेरी घेताना तेच पुकारू लागल्या. तिनं कुणाला दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला जे वाक्य लागतं ते तेव्हा तिला येत नव्हतं, आणि यायला लागलं तोवर नाव अंगाला बसलं होतं. आपणही तिला ताईच म्हणू.

ताईचे वडील बस डेपोत गाड्यांच्या वेळा बघायचे. आई घर बघायची. आणि आईचा भाऊ, म्हणजे मामा, कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याची मापं खोक्यांतून यायची, मामा त्यावर मेणात दात बसवायचा, मग साच्यात घालून पक्की कवळी काढायचा, घासून चकचकीत करायचा आणि खोकं परत पाठवायचा. याला तो कारखाना म्हणायचा. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली, तिच्या एका टोकाला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि दुसऱ्या टोकाला दर महिन्याला प्लास्टरनं तुंबणारं बेसिन. मामाला मूलबाळ नव्हतं. बारावीला थोडक्या गुणांनी ताईचं दातांच्या डॉक्टरकीचं हुकलं, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर नाही तर नाही. माझ्याकडे ये. दात तेच, फक्त ओरडणारा माणूस जोडलेला नसतो."

ती गेली. सकाळी सायन्सचं कॉलेज, दुपारी कारखाना, आणि पदवी झाल्यावर दिवसभर कारखाना. सहा वर्षांत तिचा हात असा तयार झाला की मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्या बोटांना डोळे आहेत." तिच्या तोंडावर तो तिचं कौतुक फारसं करत नसे. दुसऱ्याला सांगताना तिला ऐकू जाईल एवढा आवाज मात्र ठेवायचा.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एक खोकं परत आलं. कुणा आजोबांची खालची कवळी होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली होती, 'बसत नाही, टोचते.' मामानं घासून पाठवली. पुन्हा आली. ताईनं नवीन मापावर नव्यानं केली. ती तिसऱ्यांदा आली. ताई म्हणाली, "मामा, आपण जाऊन आजोबांचं तोंड बघू या का? प्लास्टरवर तर बरोबर बसतेय."

मामानं फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, पेशंट बघायचं काम आमचं, तुम्ही मापावर करा. तिनं चौथ्यांदा केली आणि त्यानंतर ते खोकं परत आलं नाही. बसली, का दुसरीकडून करून घेतली, का आजोबाच गेले, कुणी कळवलं नाही. मामाच्या मते खोकं परत येत नाही म्हणजे काम फत्ते. ताई महिनाभर नव्या खोक्यांत त्या डॉक्टरांची चिठ्ठी शोधत राहिली.

परदेशातल्या त्या कॉलेजची माहिती तिला एका गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंकडून कळली. बाई स्वतः तिथंच शिकल्या होत्या. बाहेरून येणाऱ्या मुलांना तिथं थेट विद्यापीठात घेत नाहीत. आधी एक वर्ष तयारीच्या कॉलेजात बसायचं, तिथली भाषा शिकायची, त्याच भाषेत जीवशास्त्र, रसायन आणि भौतिक शिकायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. पास झालात तर विद्यापीठ, नाहीतर एकदाच पुन्हा बसायची मुभा. वयाची अट नाही, फी जवळपास नाही. ताईनं अर्ज केला आणि तो मंजूर झाल्यावर घरी सांगितलं. त्यानंतर तिला दोन महिने दातांच्या कण्या कराव्या लागल्या. आई म्हणाली, "चोवीसाव्या वर्षी परत बालवाडी?" वडील म्हणाले, "गाडी सुटली की पुढच्या गाडीची वाट बघावी हे खरं, पण तू तर दुसऱ्याच डेपोत निघालीस." मामा आठवडाभर नुसती खोकी भरत राहिला. मग एका दुपारी मेण वितळवता वितळवता म्हणाला, "दात बसवायचे सोडून उपटायला निघालीस, भाचीबाई. जा. पण हात मऊ पडू देऊ नकोस."

तयारीचं कॉलेज म्हणजे एका रुंद रस्त्यावरची चार मजली इमारत. खाली वर्ग, वर खोल्या. जिन्याला सदैव ओल्या कोटांचा वास यायचा. ताईच्या खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, एक कपाट आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या धुलाई केंद्रातली गोल गोल फिरणारी यंत्रं दिसायची. सोबतीण दोन डॉक्टरांची एकुलती मुलगी होती. ती पुढे मेडिकलला जाणार हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं. सगळ्या तिला छोटी म्हणायच्या. छोटीला नवी भाषा अशी यायची जशी काही ती तिला आधीपासून येत होती आणि मध्यंतरी फक्त विसरली होती. तिसऱ्या आठवड्यात ती दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होती. ताई तेव्हा अजून बोटानं वस्तू दाखवत होती.

भाषेच्या बाई साठीच्या, उंच, आवाज बारीक. दुरुस्त्या हिरव्या शाईनं करायच्या आणि ताईच्या वहीत हिरवळ माजायची. त्या भाषेतही आपल्यासारखी प्रत्येक वस्तूला लिंगं होती, पण सगळी इकडची तिकडं. आपल्याकडे दात तो आणि दाढ ती, तर तिथं दाढ पुरुष निघाली. सहा वर्षं जिला 'ती' म्हणून हाताळलं तिला एकदम 'तो' म्हणायचं म्हणजे ओळखीतल्या बाईला दाढीमिशा चिकटवण्यासारखं ताईला वाटायचं.

वसतिगृहाच्या दिवाणखान्यातल्या गप्पांत गप्प राहिलं तरी चालायचं, वर्गात चालत नसे. तिसऱ्या महिन्यात बाईंनी प्रत्येकाला उभं करून, स्वतःला येणाऱ्या एखाद्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं. छोटी सायकलचं पंक्चर काढण्यावर बोलली. तिला पंक्चर काढता येत नव्हतं, पण कुणाला शंका आली नाही. ताईनं कवळी हा विषय घेतला. "आधी माप येतं," ती म्हणाली. "ते प्लास्टरचं असतं. मग मेण..." आणि मेणानंतर काय करतात याचा शब्द तिच्याकडे नव्हता. हातांना माहीत होतं. ती हवेत बोटं फिरवत राहिली. दुसरा शब्द शोधायला गेली तर तोही नव्हता. मग दातखिळीच बसली. बाईंनी तिला शब्द सुचवला नाही आणि खालीही बसवलं नाही. पाच मिनिटं पुरी होईपर्यंत ताई बावीस मुलांपुढं उभी राहिली.

खोलीवर आल्यावर छोटी म्हणाली, "ताई, तुम्ही सोपा विषय घ्यायचा ना. चहा कसा करतात, वगैरे."

"चहा मला येत नाही एवढा," ताई म्हणाली.

सहामाहीत ताई भाषेत आणि जीवशास्त्रात नापास झाली. रसायनात आणि भौतिकात पास, कारण सूत्रांना लिंग नसतं. वडिलांना तिनं फोनवर खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि मग, "जेवतेस ना?"

तिनं मग एक गोष्ट लक्षात घेतली. पुस्तक समोर धरून बसलं की शब्द एका कानानं यायचे आणि तिथूनच परत जायचे. हात कामात असले की राहायचे. तिनं दुकानातून कपड्यांच्या साबणाच्या वड्या आणल्या, फळं सोलायची सुरी घेतली, आणि फोनवर धडा लावून ऐकता ऐकता साबणातून दात कोरायला लागली. पेशी आणि तिचे भाग ऐकताना सुळा झाला. रक्ताभिसरणाला वरची दाढ. खिडकीच्या कट्ट्यावर पांढऱ्या दाढांची रांग लागली. एकदा छोटी टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून ओरडत आली, "ताई! माझ्या साबणाची दाढ झालीय!"

"खालची दुसरी," ताई म्हणाली. "चुकून घेतला गं. धू तिनंच, मुळांकडून धर."

छोटी चिडली, मग पलंगावर बसून हसत सुटली. त्या दिवसापासून ती रोज एक तास ताईचं बोलणं ऐकायची आणि चुका सांगायची. उपकार म्हणून नव्हे. तिला घरची फार आठवण यायची आणि ताईच्या चुका ऐकताना तेवढा वेळ बरा जायचा, असं तिनं स्वतःच सांगितलं.

वार्षिक परीक्षेत लेखी पेपर चार, तोंडी एक, आणि दातांकडे जाणाऱ्यांसाठी एक हाताची परीक्षा. प्लास्टरचा ठोकळा आणि एक पातं द्यायचे, शेजारी चित्र ठेवायचे, आणि तासाभरात त्या चित्राबरहुकूम आकार कोरायचा. ताईनं तो पंचवीस मिनिटांत कोरला. उरलेल्या वेळात करायला काही नव्हतं म्हणून कडा पुसत बसली. परीक्षक दोघे होते. एकानं तो ठोकळा उजेडात धरला, मोजपट्टी लावली, दुसऱ्याला दाखवला. दुसऱ्यानं विचारलं, "कुठं शिकलात?"

"मामाकडे," ताई म्हणाली. सहा वर्षं म्हणायचं होतं, पण घाईत साठ म्हणाली. परीक्षक हसले आणि कागदावर खूण केली. त्या कागदावर दोनच चौकोन होते, 'पास' आणि 'नापास'. हाताच्या परीक्षेला गुण नव्हते. ज्याचा ठोकळा जेमतेम चित्रासारखा दिसत होता त्यालाही तीच खूण मिळाली.

तोंडी परीक्षेत विचारलं, दातांचे डॉक्टर का व्हायचंय? या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या वर्गानं पाठ केलं होतं. समाजसेवा, विज्ञानाची आवड, लहानपणापासूनचं स्वप्न. ताईलाही ते पाठ होतं. पण तिनं आजोबांच्या कवळीचं सांगितलं, तिच्या मोडक्या वाक्यांत: "मी दात केला. चार वेळा केला. तोंड नाही पाहिला. कुणी सांगितला नाही, दुखतो का. मला तोंड पाहायचा आहे." दाढीमिशा सगळीकडे चिकटल्या होत्या. समोरच्या तिघांपैकी एकीनं मान डोलावली, दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं.

निकाल जूनमध्ये लागला. छोटी पहिल्या दहांत. ताई भाषेत पास, रसायनात आणि भौतिकात चांगली पास, जीवशास्त्रात पास, पण दंतवैद्यकाच्या जागेला लागतात त्याहून दोन गुण कमी. सोबत एक पत्र होतं. आपला कल आणि हस्तकौशल्य पाहता आपल्याला दंत-तंत्रज्ञ अभ्यासक्रमाला थेट प्रवेश देऊ करण्यात येत आहे, तीन वर्षं, दुसऱ्या गावी. म्हणजे कवळ्या बनवण्याचं शिक्षण.

मामाला फोन केला तेव्हा तिकडे दुपार होती आणि मागे घासणीचं यंत्र चालू होतं. मामानं ते बंद केलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "जे मी तुला बिनविमानाचं शिकवलं, ते शिकायला तीन वर्षं?" मग जरा विचार करून, "पण कागद मिळेल. तिकडचा कागद. घेऊन टाक. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

आई म्हणाली घे. वडील म्हणाले तुला वाटेल ते कर, पण घे. छोटी म्हणाली, "ताई, परत वर्षभर त्याच वर्गात? मी तर वेडी झाले असते."

भाषेच्या बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन फॉर्म होते, एक प्रवेश स्वीकारण्याचा, एक वर्ष पुन्हा करण्याचा. बाई म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षं इथं आहे. वर्ष पुन्हा करणाऱ्यांपैकी निम्मे पुढच्या वर्षीही राहतात. मग त्यांना काहीच मिळत नाही. तुम्ही हा पहिला फॉर्म भरावा असं मला वाटतं."

"मला पण तसंच वाटतं," ताई म्हणाली. "पहिला बरोबर आहे."

बाईंनी पेन पुढं केलं. ताईनं दुसरा फॉर्म ओढून घेतला आणि भरायला लागली. बाई पाहत राहिल्या. नावाच्या रकान्यात तिनं खरं नाव लिहिलं, तेव्हा बाईंनी ते वाचून भुवया उंचावल्या. त्यांना ते बहुधा पहिल्यांदाच नीट दिसत होतं. फॉर्मवर त्यांनी सही केली, तारखेत ताईनं केलेली एक चूक हिरव्या शाईनं सुधारली, आणि म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये भेटू."

असं का केलं हे ताईला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. तिला नीटसं सांगता आलं नाही, मराठीतही नाही. सरळ हिशोब केला तर मामाचंच बरोबर होतं. पण ते पत्र वाचताना आपल्याला पुन्हा कुणीतरी खोकं पाठवणार आणि आपण ते भरून परत करणार, एवढंच तिला दिसत होतं, असं ती म्हणायची.

दुसरं वर्ष संथ गेलं. छोटी विद्यापीठाच्या वसतिगृहात गेली. खोलीत नवी मुलगी आली. तिची भाषा वेगळी, त्यामुळे दोघींना बोलायचं तर नव्या भाषेतच बोलावं लागायचं, आणि त्याचा ताईला सगळ्यांत जास्त फायदा झाला. भांडणंसुद्धा त्याच भाषेत व्हायची. हीटर किती ठेवायचा यावरून दोघी आठवडाभर व्याकरणशुद्ध भांडल्या. वर्गातली मुलं आता तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान होती. पहिल्या दिवशी एकानं तिला शिक्षिका समजून रजेचा अर्ज दिला. तिनं तो वाचला, त्यातल्या चार चुका दाखवल्या आणि परत केला.

छोटी एकदा बसथांब्यावर भेटली. बरोबर मेडिकलच्या मैत्रिणी होत्या. छोटीनं ओळख करून दिली, "ही ताई," आणि मग ताईशीही ती त्या मैत्रिणींच्या भाषेतच बोलत राहिली. भरभर, हसत, प्रेमानं. ताईनं उत्तरं दिली, जवळजवळ बिनचूक. बस आल्यावर छोटी चढली आणि पायरीवरून मराठीत ओरडली, "ताई, या ना कधीतरी!" ताई हो म्हणाली. ती गेली नाही. छोटीचंही पुन्हा बोलावणं आलं नाही. वाईट असं काही झालं नव्हतं.

दुसऱ्या जूनमध्ये हाताच्या परीक्षेला तसाच ठोकळा, तसंच पातं. या खेपेला ताईनं पूर्ण तास घेतला. लवकर उठून करायचं काय होतं? तोंडी परीक्षेत तिनं पाठ केलेलं उत्तर दिलं, लिंगं सांभाळून. निकाल लागला तेव्हा ती धुलाई केंद्रात चादरी वाळायची वाट बघत होती. फोनवर यादी उघडली. दंतवैद्यक, साठ नावं. तिचं एकेचाळिसावं. तिनं ते दोनदा वाचलं, चादरी काढल्या, घड्या घातल्या, आणि मग तिथल्याच बाकावर बसून बराच वेळ रडली. शेजारी कपडे भरणाऱ्या माणसानं तिच्याकडे कागदी रुमालांचं पाकीट सरकवलं.

घरी सगळ्यांना आनंद झाला. वडिलांनी डेपोत पेढे वाटले आणि प्रत्येकाला विद्यापीठाचं नाव निरनिराळं सांगितलं, कारण ते त्यांना उच्चारता येत नव्हतं. भाषेच्या बाईंना सांगायला ताई गेली तेव्हा त्या नव्या अर्जांच्या ढिगात होत्या. "मी चुकले," असं त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण निम्मे राहतातच." ते खरंच होतं. तिच्याबरोबर वर्ष पुन्हा केलेले सहा होते आणि त्यांतले तीन त्या आठवड्यात सामान बांधत होते.

विद्यापीठात पहिल्या दिवशी उतरत्या पायऱ्यांच्या सभागृहात तिला मागची जागा मिळाली. प्राध्यापक पाठमोरे होऊन बोलायचे आणि तिला तीनांतली दोन वाक्यं कळायची. तिसऱ्याची जागा ती वहीत मोकळी सोडायची, मग कुणाकडून तरी भरून घ्यायची. दंतवैद्यकाचं पहिलं वर्ष मेडिकलच्या मुलांबरोबरच असतं, हे तिला तिथं गेल्यावर कळलं. सगळं शरीर आधी, तोंड नंतर.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी ती पलंगावर अभ्यासाची हाडं मांडून बसली होती. विद्यापीठ ती खोक्यातून, सही घेऊन, आठवड्यापुरती देतं. मामाचा फोन आला.

"काय डॉक्टरीणबाई, किती दात उपटले?"

"एकही नाही. सध्या पाय चाललाय, मामा."

"कुणाचा?"

"अभ्यासाला. पायाची हाडं. एका पावलात सव्वीस असतात."

"दोन वर्षं घासलीस, भाषा शिकलीस, ते पायासाठी? मग दात कधी?"

"तिसऱ्या वर्षी."

"तोवर तू पेशंटला चालत घरी पाठवायला शिकशील म्हणायची," मामा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं विचारलं, तिकडे प्लास्टर कुठल्या कंपनीचं वापरतात, लवकर सुकतं का, आणि ती सांगत असताना तो पलीकडे ते लिहून घेत होता, हे तिला कळत होतं. बोलणं संपल्यावर ताईनं टाचेचं हाड उचललं, पालथं केलं आणि त्याचं तिकडच्या भाषेतलं नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. ते स्त्रीलिंगी निघालं.